अक्काला विचारा : बापाला मेडल हवंय, कमिटीलापण हवंय, आणि पोरगं म्हणतंय पोटात दुखतंय

पत्र थोडं कापून देतेय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय:

"अक्का नमस्कार. वय २६. बेळगावातच एका स्विमिंग क्लबला ज्युनियर बॅच बघतो, आठ ते तेरा वयाची पोरं. स्वतः स्टेटपर्यंत पोहलोय, कोचिंगचा कोर्स वगैरे काही केलेला नाही. माझ्याकडं एक ११ वर्षांचा मुलगा आहे, अंगानं थोराड, ५० फ्रीस्टाईल ३२ सेकंदाच्या आत मारतो, इथं त्याच्या वयात त्याला गाठणारं कोण नाही. वडील चिकोडीकडचे ऊसवाले, पोरासाठी बेळगावात बिऱ्हाड केलंय. त्यांचं म्हणणं, सकाळ-संध्याकाळ दोन्ही टाइम घ्या, हातात पॅडल (तळहाताला बांधायच्या प्लास्टिकच्या फळ्या) द्या, वर्षात नॅशनलचं मेडल पाहिजे, नाहीतर बेंगळूरला नेतो. मागच्या स्टेट मीटला डाईव्ह मारताना गॉगल निसटला, तिसरा आला, तर बेंगळूर ते बेळगाव वडील त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून शनिवारी टाइम ट्रायल असली की त्याच्या पोटात दुखतंय. दुसरीकडं त्याच वयाची एक मुलगी आहे, वडगावची, डिसेंबरात जन्मलेली, बारकी, त्याच्या खांद्याला लागते. टाइम काही नाही तिचा, १०० फ्रीला दीड मिनिटाच्या वर, खरं पाण्यात बघत बसावं अशी पोहते. कमिटी म्हणते तिला हॉबी बॅचला टाका आणि लेन मोकळी करा. मी कुणाचं ऐकू? आणि एनआयएसचा कोचिंग कोर्स करू काय?"

अरे बाबा, बेंगळूर-बेळगाव म्हणजे रात्रभराची गाडी. अख्खी रात्र त्या पोरानं वरच्या बर्थवर पडून काढली असणार, खाली बाप गप्प, आणि गुन्हा काय तर गॉगल निसटला. पोटात दुखणारच की.

तरी पोटदुखीला आधी एकदा डॉक्टरकडं पाठव. "नाटक करायलाय" असं कुणी म्हटलं तरी तू म्हणू नको. जंत असतील, बद्धकोष्ठ असेल, सकाळी उपाशीपोटी येत असेल, ते सगळं बघून झालं आणि डॉक्टर म्हणाले काही नाही, मग समजायचं की दुखणं शनिवारचं आहे. आणि शनिवार तुझ्या हातात आहे. आठवड्याला टाइम ट्रायल कशाला पाहिजे ११ वर्षांच्या पोराला? सात दिवसांत काय सुधारतंय? महिन्या-दीड महिन्यातनं एकदा घे, तेवढं बास. बाकीचे शनिवार रिले लाव, मिक्स टीम करून, बॉल टाक पाण्यात, किकबोर्ड धरून नुसत्या किकची शर्यत लाव. आणि टाइम काठावरनं ओरडून सांगायचे बंद कर, वहीत लिही, ज्याचा त्याला दाखव. तुमच्याकडं बोर्डावर नंबरानं नावं लावायची पद्धत असेल तर तो बोर्डपण उतरव.

गॉगलचं तर शिकवण्यासारखं आहे. डाईव्ह मारताना पोरगं पुढं बघत असणार, हनुवटी वर, म्हणून पाणी सरळ चष्म्यावर आदळतं. हनुवटी छातीकडं, कान दोन्ही दंडांच्या मधे, पट्टा डोक्याच्या मागं थोडा वर, आणि रेसला पट्ट्यावरनं कॅप, म्हणजे निसटला तरी हातभर लांब जात नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पंधरवड्यातनं एकदा सगळ्या बॅचला गॉगलमध्ये मुद्दाम पाणी भरून ५० मीटर पोहायला लाव. पोरं हसतात, ओरडतात, खरं भीती जाते. बीजिंगला २००८ मध्ये मायकेल फेल्प्सच्या गॉगलात २०० बटरफ्लायच्या फायनलला पाणी शिरलं होतं, शेवटी शेवटी भिंत दिसत नव्हती, गड्यानं हात मोजत मोजत भिंत गाठली आणि १:५२.०३ चं वर्ल्ड रेकॉर्ड करून गोल्ड घेतलं. ही गोष्ट त्या पोराला सांग, आणि बाप ऐकायला असताना सांग.

आता मुद्द्याचं. तो मुलगा आत्ता जिंकतोय त्यातला बराच भाग त्याच्या पोहण्याचा नाही, अंगाचा आहे. मुली साधारण अकरा-बाराला झपाट्यानं वाढतात, मुलं तेरा-चौदाला, हे सरासरीचं झालं. एकाच वर्गातल्या, एकाच बाकावरच्या दोन पोरांत शरीराचं वय दोन-तीन वर्षांनी मागंपुढं असतं. काही पोरांना अकराव्या वर्षीच ओठावर लव दिसायला लागते, चपलेचा नंबर सहा महिन्यांत दोनदा बदलतो. तसल्या पोराचा हात लांब, पंजा मोठा, भिंतीवरनं ढकलायला पाय दांडगे, आणि ५० मीटर म्हणजे सगळा जोराचाच खेळ. मग तो जिंकणारच की. प्रश्न असा की चौदा-पंधराला बाकीच्यांची उंची त्याला गाठते तेव्हा त्याच्याकडं काय उरतं? तेव्हा स्ट्रोक हातात नसेल तर तेच पोरगं, जे अकराला सगळ्यांच्या पुढं होतं, पंधराला हीटमध्येच, म्हणजे पहिल्या फेरीतच, बाहेर पडतं, आणि त्याला कळतच नाही की झालं काय, कारण तो तर पहिल्यापेक्षा दुप्पट घाम गाळत असतो. मग ते सोडून देतं. आपल्याकडं लोक म्हणतात एसएसएलसी (दहावी) आली म्हणून सोडलं. एसएसएलसी हे निम्मं कारण, उरलेलं निम्मं हे आहे, पोरं घरी सांगत नाहीत एवढंच.

आणि त्यात ती डिसेंबरची पोरगी. आपल्या मीटला वय ३१ डिसेंबरला धरतात, म्हणजे जानेवारीत जन्मलेलं आणि डिसेंबरात जन्मलेलं पोर एकाच ग्रुपात, एकाच हीटमध्ये. आपल्या वयाला अकरा महिने म्हणजे काहीच नाही रे, पण अकराव्या वर्षी ते आख्ख्या आयुष्याचा बारावा हिस्सा झाले. मुली लवकर वाढतात म्हटलं तरी सगळ्याच नाही, ही उशिरा वाढणाऱ्यातली दिसतेय. ती १०० मीटरला दीड मिनिटाच्या वर घेते ते तिच्या अंगाच्या मानानं किती चांगलं आहे ते तुमच्या कमिटीला कळायचं नाही, कारण ते स्टॉपवॉचचा आकडा बघतात आणि तू पाण्याकडं बघतोस. बघत बसावं असं तूच लिहिलंयस ना, मग डोळ्यावर विश्वास ठेव की.

डोळ्यावर नसेल तर मोजून घे. २५ मीटरला दोघांचे हात मोज. समज तो २४ हात मारतो आणि ती, एवढीशी असून, २१. याचा अर्थ काय ते सरळ आहे, तिचा प्रत्येक हात पाणी धरतो आणि त्याचा निसटतो, तो ताकदीनं भागवून नेतोय. अजून एक खेळ आहे, ५० मीटरला लागलेले सेकंद अधिक मारलेले हात, दोन्हीची बेरीज. ४० सेकंद आणि ४४ हात म्हणजे ८४. पुढच्या खेपेला ही बेरीज कमी करायची, जोर लावून कर नाहीतर लांब हात मारून कर, पोरांची मर्जी. नुसता जोर लावला की हात वाढतात आणि बेरीज तिथंच राहते, हे पोरांना दोन खेपांत आपोआप कळतं, लेक्चर द्यावं लागत नाही. त्या मुलाला हा खेळ लाव. पहिल्यांदा चिडेल, कारण पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्या पुढं जाईल, आणि ती बारकी पोरगीच जाईल बहुतेक. फक्त तुलना प्रत्येकाची स्वतःच्या मागच्या बेरजेशी ठेव, नाहीतर तू नवीन बोर्ड तयार करशील.

पॅडल द्यायचे काय, तर नाही. दोन टाइम घ्यायचे काय, तर तेपण नाही, आत्ता तरी. हिशोब करून दाखव वडिलांना. एका सेशनला ३००० मीटर धर, २५ मीटरला २० हात, म्हणजे १२० लेंथला २४०० हात, एकेका खांद्याला १२०० वेळा गोल फिरायचं, रोज. हाडं वाढायचं वय, हाडांच्या टोकाला वाढीची जागा अजून मऊ, त्यावर पॅडल बांधून पाण्याचा भार वाढवायचा आणि सेशन दुप्पट करायची, मग खांदा दुखायला लागला की बाम चोळायचा. तसलं काही करायचं नाही. पोर म्हणालं खांदा दुखतोय की त्या दिवशी किक, दुसऱ्या दिवशीपण किक, आणि आठवड्यात थांबलं नाही तर हाडांच्या डॉक्टरला दाखवायचं. ब्रेस्टस्ट्रोकवाल्यांचा गुडघा आतल्या बाजूनं दुखतो, त्याचंही तसंच.

खेळाच्या डॉक्टर लोकांचा एक ढोबळ हिशोब आहे, आठवड्याला जेवढी वर्षं वय तेवढेच तास, त्याच्या वर ठरवून दिलेली ट्रेनिंग नको, आणि आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी. अकरा वर्षं, अकरा तास. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, सहा दिवस केलं तर चोवीस होतात. बरं झोप कधी काढायची? बारा वर्षांपर्यंतच्या पोराला नऊ ते बारा तास झोप लागते. सकाळी साडेपाचच्या बॅचला यायचं तर पावणेपाचला उठणार, म्हणजे रात्री पावणेआठला डोळा लागला पाहिजे. ट्यूशनला जाणारं कुठलं पोर पावणेआठला झोपतंय बेळगावात?

मग आठवड्याला काय करायचं? पाच दिवस, दीड-दीड तास. त्यातला निम्मा वेळ स्ट्रोकवर, पोरं ताजी असताना, शेवटी दमल्यावर नाही. मुठी आवळून पोहणं, एका हातानं पोहणं, हात आळीपाळीनं टेकवत पोहणं, पाण्यात नुसते तळवे हलवून पुढं सरकणं. भिंतीवरनं सुटताना दोन्ही तळहात एकावर एक, कानामागं दंड, अंग बाणासारखं सरळ, हे तर प्रत्येक लेंथला, आळस खपवायचा नाही. आणि चारही स्ट्रोक सगळ्यांना. अकराव्या वर्षी कुणी "फ्रीस्टाईलर" नसतो. त्या मुलाला ५० फ्री सोडून २०० आयएम (चारही स्ट्रोक एकापाठोपाठ) आणि ४०० फ्रीला उतरव, तिथं अंगापेक्षा स्ट्रोक आणि दम बघितला जातो, आयएमला बटरफ्लाय, बॅक, ब्रेस्ट, फ्री सगळं यावं लागतं, ब्रेस्ट आणि बटरफ्लायला दोन्ही हात एकदम भिंतीला लावायचे हे डोक्यात बसतं, नाहीतर मीटला एक हात लावून डिसक्वालिफाय झालेली पोरं रडताना बघितलीस ना तू. तो हरेल काही रेस. हरू दे, तू बरोबर असताना हरू दे.

उंचीची एक वही ठेव. तीन महिन्यांतनं एकदा भिंतीला उभं करून, अनवाणी, शक्यतो एकाच वेळेला. ज्याची उंची एकदम झेपावते त्याचा स्ट्रोक काही दिवस बिघडतो, हातपाय लांब झालेले असतात आणि डोक्याला अजून ते माहीत नसतं, टाइमपण मागं जातात. त्या दिवसांत ओरडायचं नाही, मीटर कमी, ड्रिल जास्त. मुलींचं आणखी वेगळं, तेरा-चौदाला अंग भरतं, पाळी सुरू होते, टाइम वर्ष-वर्ष जागचा हलत नाही, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी म्हणतं "वजन वाढलंय हिचं, भात बंद करा". वजन हा शब्द तुझ्या पूलवर कुणी काढायचा नाही, तूसुद्धा नाही. दमायला लागली, धाप लागायला लागली तर रक्त तपासा, हिमोग्लोबिन बघा, आपल्याकडच्या पोरींत ते बऱ्याचदा कमी निघतं. आणि पाळीबद्दल पोरींना तुझ्याशी बोलायला अवघड जाईल, एखाद्या आईला किंवा सीनियर मुलीला बॅचला जोडून घे, मीटला जातानातर बरोबर बाई पाहिजेच, ती सोय झाल्याशिवाय पोरींना गाडीत बसवू नको.

एक गोष्ट तू विचारलेली नाहीस, तरी दामटून सांगते. पोरं पाण्याखाली श्वास रोखून कोण जास्त राहतंय असा खेळ खेळतात, आणि काही आईबापांनी यूट्यूबवर बघून ठेवलेलं असतं की श्वास न घेता लेंथ मारल्या की फुप्फुसं वाढतात. ते बंद म्हणजे बंद. आधी भराभर श्वास घेऊन खाली गेलं की अंगातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि श्वास घे असं सांगणारा तोच असतो, ऑक्सिजन नव्हे. म्हणजे पोराला गुदमरल्यासारखं वाटतच नाही, आणि ऑक्सिजन संपून ते सरळ बेशुद्ध होतं, पाण्याखाली, आवाज न करता. काठावरच्याला वाटतं खेळतंय. चांगलं पोहणारी पोरंच यात जातात, कारण त्यांच्याकडं कुणी बघत नसतं. मलप्रभेला, विहिरीला पोरं जातात सुट्टीत, तिथंपण हे करायचं नाही हे बॅचमध्ये बसवून सांग. मराठीत सांग, आणि गोकाक-बैलहोंगलची पोरं असतील त्यांना कन्नडात सांग, अर्धं कळलं असं नको.

आता बाप. त्याला तू शत्रू समजू नको, गाव सोडून पोरासाठी बिऱ्हाड केलेला माणूस आहे तो. खरं त्याच्याकडं काम नाही इथं, म्हणून तो काठावर उभा राहून मोबाइलवर टाइम घेतो आणि "ओढ, ओढ" करतो. आधी नियम कर, सगळ्यांसाठी, सेशन चालू असताना पालक गॅलरीत, काठावर नाही. मग त्याला एकट्याला चहाला बोलव, पूलवर नको, बाहेर. आणि त्याच्याच शेतातनं सुरुवात कर. विचार त्याला, ऊस कोवळा असताना फॅक्टरीला घातला तर काय होतं? टनेज दिसतं, साखरेचा उतारा बसत नाही. तो स्वतःच सांगेल हे. बाकी तुला फार बोलावं लागणार नाही.

तो उदाहरणं देणार, तयारीत राहा. म्हणेल आपल्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकला गेला. गेला, खरं आहे. २०१० ला ग्वांगझूच्या एशियाडला ५० बटरफ्लायचं ब्राँझ आणलं, १९८६ नंतर, खजान सिंगच्या सिल्व्हरनंतर, पोहण्यातलं भारताचं पहिलं एशियाड मेडल. खरं त्याच माणसानं मधे सरकारी नोकरी केली, परत पाण्यात आला आणि २०१८ ला जकार्ताला ५० फ्रीचं नॅशनल रेकॉर्ड केलं, २२.४३, सत्तावीस पुरे व्हायला आठवडाभर असताना. फायनलला ब्राँझ हुकलं ते सेकंदाच्या शंभराव्या भागानं. मग वडिलांना विचार, सत्ताविसाव्या वर्षी बेस्ट टाइम द्यायला खांदा आणि मन दोन्ही शिल्लक पाहिजे की नको. दुसरं उदाहरण देतील ती बेंगळूरची धिनिधी देसिंगू, चौदाव्या वर्षी २०२४ ला पॅरिसला २०० फ्रीस्टाईल पोहली. त्या मुलीचं कौतुकच आहे. खरं मुलींचं शरीर मुलांच्या आधी तयार होतं, आणि अशी पोरगी एवढ्या मोठ्या देशात एखादी निघते, तिच्यावरनं आपल्या पोराचं टाइमटेबल ठरवायचं नसतं.

बेंगळूरला नेतो म्हणाले तर अडवू नको. तिथं ५० मीटरचे पूल आहेत, चांगले कोच आहेत, शेजारच्या लेनमध्ये तोडीचं पोर आहे, हे सगळं खरंच आहे. फक्त म्हण की सोळाला न्या, अकराला नको. अकराव्या वर्षी आईजवळ राहून इथं चार स्ट्रोक शिकला तर तिथं त्याला कुणीही घेईल, आणि आत्ता नेलं तर पीजीत राहून हरायला शिकेल. आणि २५ मीटर पूलचा टाइम ५० मीटर पूलच्या टाइमशी लावून बघू नका असंही सांग, १०० मीटरला आपल्याकडं तीन टर्न येतात, तिथं एकच, प्रत्येक टर्नला भिंतीवरनं फुकटचा धक्का मिळतो. तिथं दोन-तीन सेकंद जास्त लागले की लोक म्हणतात पोरगं खराब झालं. खराब कुठलं.

एक काम सांग त्याला. मीटनंतर गाडीवर मागं बसलेल्या पोराला पहिल्या अर्ध्या तासात फक्त एवढंच विचारायचं, भूक लागली काय. रेसबद्दल पोरानं काढलं तर बोलायचं, नाही काढलं तर नाही. डब्यात उप्पीट, उकडलेली अंडी, केळं, शेंगदाण्याचा लाडू असलं काहीतरी पूलवरनं निघताना द्यायचं, पावडरचे डबे नकोत. हरला तरी तोच डबा, जिंकला तरी तोच. कुंदा दोन्ही वेळेला चालतो. आणि त्याला टाइमकीपर कर मीटला, लेनच्या टोकाला उभा राहून दुसऱ्याच्या पोरांचे टाइम घेताना माणूस बराच निवळतो, शिवाय ओरडता येत नाही.

हे सगळं करून तो ऐकणार नाही अशी शक्यता आहेच. नेईल पोराला दुसऱ्या क्लबला. नेऊ दे. पोराला मात्र जाताना सांग की पूलचं दार उघडं आहे, आणि त्याच्या वहीतले हातांचे आकडे त्याला देऊन टाक.

कमिटीशी बोलायची भाषा वेगळी ठेव. त्यांना पोराच्या हाडांचं काही पडलेलं नसतं, मी वाईट अर्थानं म्हणत नाही, त्यांना लाइट बिल, क्लोरीन, फिल्टर आणि पूलचं भाडं दिसतं, आणि पेपरात फोटो आला की ॲडमिशन येतात. म्हणून रिलेबद्दल बोल. रिलेला चार पोरी लागतात. मेडले रिलेला बॅकवाली वेगळी, ब्रेस्टवाली वेगळी, फ्लायवाली वेगळी. अकराला बारक्या पोरी हॉबी बॅचला ढकलल्या की पंधराला चार पोरी उरत नाहीत, दोन उरतात, आणि मग सीनियर ग्रुपमध्ये क्लबचं नाव रिलेच्या लिस्टमध्येच नसतं. हे त्यांना कळतं. लेनचीच अडचण असेल तर त्या थोराड मुलाला आठवड्यातनं दोन दिवस मोठ्यांच्या लेनमध्ये घाल, त्याला मागं राहायची सवय होईल, आणि पोरीला जागा होईल. तरी नाही म्हणाले तर वर्षाची मुदत मागून घे, लेखी, आणि काय मोजणार ते आधी सांग, हात, किक, २०० आयएम. हॉबी बॅचला गेलेली पोर सहसा परत येत नाही रे. घरचे म्हणतात नुसतं पोहायलाच जायचं तर एवढी फी कशाला, आणि वडगावातनं रोज पहाटे सोडायला-आणायला कोण येणार.

कुणी "जन्मदाखला बघू, एखादं वर्ष इकडंतिकडं" असं काढलं, आणि काढतात, तर तिथंच उठायचं.

डिसेंबर-जानेवारीत उघड्या पूलवर सकाळी बारक्या पोरांचे ओठ निळे पडतात, अंगावर चरबी नाही म्हणून ती लवकर गारठतात, थोराड पोरांना काही होत नाही आणि ती हसतात. निळं पडलं की बाहेर, टॉवेल, कोरडे कपडे, त्या दिवसाचं पोहणं संपलं. त्या महिन्यांत दोन दिवस पाण्याबाहेरच घे की, व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर नाहीतर लेले ग्राउंडला न्या, दोरीउड्या, सूर्यनमस्कार, पकडापकडी, फुटबॉल. पोहणाऱ्या पोरांना जमिनीवर धड पळता येत नाही बघ, बॉल पकडता येत नाही. त्यानंही फरक पडतो.

एनआयएस कर. पतियाळाचा सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स आहे, नोकरी न सोडता होण्यासारखा, पूर्ण डिप्लोमाचं नंतर बघ. कागद हातात असला की कमिटीत तुझं बोलणं ऐकतील, आज तू त्यांच्यासाठी पोहायला येणारा पोरगा आहेस. खरं त्याच्याही आधी, याच महिन्यात, सीपीआर शिकून घे, आणि तुझ्या स्टार्टिंग ब्लॉकखाली पाणी किती आहे ते टेप टाकून मोज. भिंतीपासून एक मीटरपासून सहा मीटरपर्यंत निदान १.३५ मीटर खोली पाहिजे असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. कमी भरली तर ब्लॉकवरनं डाईव्ह बंद, पोरांनी पाण्यातनंच सुरुवात करायची, आणि कमिटीला ते लेखी कळव, कॉपी तुझ्याजवळ ठेव.

— अक्का